सुट्टीत भाजीच्या वाफ्यांना पाणी कसे मिळेल?



मार्चच्या आरंभी शाळेच्या मागील अंगणात मुलांनी भेंडी, चवळी, गिलकी आणि दुधी लावला. भेंडीची पहिली तोड यायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात, वेलांना त्याहून थोडे अधिक. म्हणजे फळ धरण्याची वेळ आणि उन्हाळ्याची सुट्टी एकदमच येते. पुढे सुमारे दीड महिना शाळा बंद, आणि माळव्यात पाऊस स्थिरावतो तो जूनच्या उत्तरार्धात. म्हणूनच विश्वस्तांच्या बैठकीत प्रश्न निघाला की सुट्टीआधी वाफे मोकळे करून टाकावेत का?

प्रश्न रास्त आहे. आपल्या इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, उपसून आणावे लागते. मे महिन्यात काही वस्त्यांत लोक टँकरची वाट बघत उभे असतात. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर हौसेने नव्हे, हिशोबाने दिले पाहिजे.

पाण्याचा हिशोब

एक चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी पसरले तर त्याची उंची १ मिलिमीटर भरते. मे महिन्यातील ऊन आणि कोरडा वारा मिळून उघड्या, ओल्या वाफ्यातून दिवसाला ६ मिलिमीटर पाणी सहज नेतात. लू चालली की आणखी जास्त. आपला एक वाफा (घरी आपण ज्याला ‘क्यारी’ म्हणतो तोच) ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद आहे. म्हणजे रोज १८ लिटर आणि ४२ दिवसांत ७५६ लिटर. यातील पुष्कळसे पाणी रोपांच्या मुळांना मिळतच नाही, ते मातीवरूनच उडून जाते. आपली बचत तिथेच करायची आहे.

पहिले काम : माती झाकणे

काळी माती पाणी छान धरते, पण वाळली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून खोलची ओलही निघून जाते. म्हणून सुट्टी लागण्याच्या दोन दिवस आधी वाफ्यांना सायंकाळी भरपूर पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी माती थोडी वाफशावर आली की खुरप्याने वरचा थर हलका मोकळा करावा आणि त्यावर ८ ते १० सेंटीमीटर जाडीचे आच्छादन घालावे. मार्च-एप्रिलमध्ये गहू निघतो, त्यामुळे आपल्याकडे काडाची कमतरता नाही. वाळलेला पालाही चालतो. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कोरड्या मातीवर आच्छादन घालून उपयोग नाही, कारण आच्छादन ओल टिकवते, निर्माण करत नाही. आणि खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, नाहीतर खोड कुजते किंवा वाळवी लागते.

दुपारच्या उन्हासाठी बांबूंवर हिरवी जाळी बांधली तर रोपे कमी कोमेजतात.

दुसरे काम : मटके पुरणे

ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील एका चिनी शेतीग्रंथात मातीचे भांडे पुरून त्याच्या भोवती वेल लावण्याची रीत सांगितली आहे.

कच्च्या रंगाचे, बिनचकाकीचे, साधारण १० लिटरचे मटके घ्यावे. रंगवलेले मटके नको, कारण त्याची छिद्रे बुजलेली असतात. घरात बरीच वर्षे वापरलेलेही नको, क्षारांमुळे तेही पाझरत नाही. परीक्षा सोपी आहे. मटके भरून रात्रभर ठेवा, सकाळी बाहेरून ओलसर लागले तर ते कामाचे. तळाला भोक पाडायचे नाही. मटके गळ्यापर्यंत पुरून भोवती माती घट्ट दाबावी, कारण माती मटक्याला टेकलेली असेल तरच पाणी तिच्यात जाते.

यामागचे विज्ञान वरच्या वर्गांतील मुलांनी समजून घ्यावे. कोरडी माती केशाकर्षणाने मटक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी ओढते. भोवतालची माती ओली झाली की ओढ कमी होते आणि पाझरही मंदावतो. म्हणजे जितकी तहान तितकेच पाणी! मटक्याची ओल सुमारे एक वीत ते दीड वीत पसरते, म्हणून रोपे तेवढ्याच अंतरात हवीत.

एका वाफ्यात तीन मटकी आणि ती दर तिसऱ्या दिवशी भरायची, असे धरले तर ३० लिटर पाणी तीन दिवस पुरवायचे, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त १० लिटर. ४२ दिवसांचे ४२० लिटर. एका वाफ्यामागे ३३६ लिटर वाचले. एवढ्यात पीक भरघोस येईल असे नाही, पण रोपे तगतील आणि थोडीफार फळेही देतील.

मटक्यावर झाकण घट्ट हवेच. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत तयार होतो आणि बंद शाळेत तो कुणाला दिसतही नाही.

काय ठेवू नये

पालक आणि मेथी उन्हात तग धरणार नाहीत. त्या काढून घरी न्याव्यात आणि तो वाफा मोकळाच तापू द्यावा. भेंडी व चवळीच्या सर्व तयार शेंगा तोडून घ्याव्यात. शेंगा झाडावर जून झाल्या की नवी फुले कमी येतात. घरच्या कुंड्यांसाठी पाण्याची झाकलेली बादली कुंडीपेक्षा उंच ठेवून सुती दोरीचे एक टोक पाण्यात व दुसरे मातीत खोल खोचावे. चार-सहा दिवसांच्या गावी जाण्यासाठी ते पुरते, महिन्यासाठी नाही.

तिसरे काम : माणसे

कोणतेही मटके स्वतःहून भरत नाही. ४२ दिवसांत दर तिसऱ्या दिवशी म्हणजे १४ फेऱ्या. नळ एक दिवसाआड येतो, म्हणून एक झाकलेला पिंप भरून ठेवावा लागेल. बरीच मुले मामाच्या गावी जातील. जी गावातच राहतील अशा १४ कुटुंबांनी एकेक सकाळ दिली तर कुणावरही भार पडत नाही. ज्याची पाळी, त्या दिवशीची भाजी त्याच्या घरी.

माझे विश्वस्त मंडळास निवेदन असे की चारपैकी दोन वाफे वेलांचे व भेंडीचे ठेवावेत आणि बाकीचे दोन मोकळे करावेत. पाणी कमी लागेल आणि मुलांना आपण लावलेल्या बियांचे फळही पाहायला मिळेल. पाळीसाठी नावे २० एप्रिलपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत. १४ नावे झाली नाहीत तर एकच वाफा ठेवू.

स्वाध्याय : आपल्या घरी एक मटके पुरा. रोज सकाळी त्यात काठी घालून पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये मोजा आणि वहीत लिहा. कोणत्या दिवशी पाणी जास्त उतरले? त्या दिवशी हवा कशी होती? शाळा उघडल्यावर वह्या पाहिल्या जातील.

— प्राचार्य