मंदीच्या दिवसांतील खेळाडूचे वेतन

खेळाडूस मोबदला किती असावा, या प्रश्नावर आपल्या विद्यार्थ्यांत आणि घरोघरी पुष्कळ वाद होतात. 2024 च्या नोव्हेंबरात जेद्दा येथे इंडियन प्रीमियर लीगचा लिलाव झाला व त्यात लखनौच्या संघाने ऋषभ पंत यास 27 कोटी रुपयांची बोली लावून घेतले, तेव्हा कित्येक घरांत मुले हर्षाने नाचली असतील आणि वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडल्या असतील. एका माणसास चेंडू टोलविण्यासाठी इतके द्रव्य, आणि दिवसभर राबणाऱ्यास पोटापुरतेही नाही, हा कोठला न्याय? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर संतापाच्या भरात मिळणे कठीण. पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला तरच ते हाती लागते. हिशेबासाठी असे उदाहरण घ्यावे, की ज्यात आपल्यापैकी कोणाचा आवडता संघ गुंतलेला नाही आणि ज्यातील आकडे आज सर्वांस ठाऊक आहेत. असे एक उदाहरण अमेरिकेत 1930 साली घडले. तेच आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

बेसबॉल हा खेळ आपल्या चेंडूफळीचा दूरचा भाऊबंद म्हणावा. एकाने चेंडू फेकावा, दुसऱ्याने तो दांडूने टोलवावा आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांस स्पर्श करून मूळ जागी परत यावे, म्हणजे एक धाव होते. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर त्यास होमरन म्हणतात. आपल्याकडील षटकाराचाच थाट त्यास असतो, मात्र तो षटकाराहून पुष्कळ दुर्मिळ. असे 60 टोले 1927 च्या एका हंगामात मारणारा जॉर्ज हर्मन रूथ हा सर्व जगास बेब रूथ या नावाने ठाऊक आहे. त्याचा जन्म 1895 साली बाल्टिमोर शहरी झाला. बाप गुत्ता चालवी. पोर हाताबाहेर जाऊ लागले म्हणून सात वर्षांचे असतानाच त्यास सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूल या कॅथॉलिक धर्मबंधूंच्या शाळेत ठेवण्यात आले. तेथे तो सदरे शिवावयास शिकला, आणि ब्रदर मथायस या धिप्पाड शिक्षकाच्या देखरेखीखाली चेंडू खेळावयासही शिकला. 1914 साली तो शाळेबाहेर पडला, तेव्हा त्याचा पहिला करार हंगामास 600 डॉलरांचा होता. शिंपीकामाहून बरे, असे त्यास त्या वेळी वाटले असल्यास नवल नाही.

सोळा वर्षांनी, म्हणजे 1930 च्या मार्चमध्ये, न्यूयॉर्क यँकीज या संघाने त्याच्याशी दोन वर्षांचा करार केला. वेतन दरसाल 80,000 डॉलर. त्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचे वेतन 75,000 डॉलर होते. कोणीतरी रूथला ही गोष्ट सुनावली असता, आपले गेले वर्ष अध्यक्षांच्या वर्षाहून चांगले गेले, असे त्याने उत्तर दिले अशी आख्यायिका आहे. ती आजवर टिकून राहिली, याचे कारण लोकांस हूव्हरविषयी वाटणारा राग हेच होय. ऑक्टोबर 1929 मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला होता. पुढे बँका बुडाल्या, कारखान्यांस कुलपे लागली. 1933 साली तर दर चार कामकऱ्यांतील एक बेकार होता. बेघर लोकांनी शहराबाहेर फळकुटांच्या व पत्र्यांच्या झोपड्या उभारल्या आणि त्या वस्त्यांस अध्यक्षांच्याच नावावरून हूव्हरव्हिल म्हटले. ज्यास काम होते असा कारखान्यातील मजूर 1930 साली वर्षाकाठी सुमारे दीड हजार डॉलर मिळवी. म्हणजे रूथच्या एका वर्षाच्या वेतनात अशा त्रेपन्न मजुरांचे वर्ष निघाले असते. हे ऐकून ज्यास काहीच वाटत नाही, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आता पाटी घ्या. 1930 साली अमेरिकेत सुमारे 43 लक्ष लोक बेकार होते. रूथचे सारे वेतन काढून घेऊन या सर्वांस समान वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्यास किती आले असते? डॉलरचे सेंट शंभर. तेव्हा 80 लक्ष सेंट भागिले 43 लक्ष. उत्तर दोन सेंटही येत नाही. पावाची एक लादी तेव्हा आठ-नऊ सेंटांस पडे. या उत्तरावरून कोणी असे म्हणू नये की, मग श्रीमंताकडून काहीच घेऊ नये. प्रत्येक धनवान मनुष्य हेच गणित पुढे करून मोकळा होईल, आणि गरिबाच्या हाती दोन सेंटही पडणार नाहीत. गणिताने एवढेच सिद्ध होते की, देशाची उपासमार एका खेळाडूच्या खिशात दडलेली नव्हती.

दुसरा हिशेब प्रेक्षकांचा. त्या 1930 च्या हंगामात यँकीजच्या स्वतःच्या मैदानावर 11 लक्ष 69 हजार प्रेक्षक तिकीट काढून आले. त्यांत रूथचे वेतन वाटून टाकले, तर दर डोई सात सेंटांहूनही किंचित कमी पडते. उन्हातील सर्वांत स्वस्त बाकावरील जागेस अर्धा डॉलर पडे. त्या पन्नास सेंटांपैकी सात सेंट अशा माणसाकडे जात, की ज्यास पाहावयासच बहुतेक लोक आलेले असत. यँकीजने त्यास 1919 च्या डिसेंबरात बोस्टनच्या संघाकडून विकत घेतले, तेव्हा त्या संघास स्वतःचे मैदानही नव्हते. 1923 साली त्यांचे प्रचंड क्रीडांगण उघडले, आणि ते रूथने बांधलेले घर आहे, असे लोक म्हणू लागले.

वरील वाक्यातील ‘विकत घेतले’ हे शब्द आमच्या वाचकांनी सहज ओलांडून जाऊ नयेत. आपल्याकडील लिलावात बोलीची जी रक्कम ठरते, ते त्या खेळाडूचे स्वतःचे वेतन होय. अमेरिकेतील त्या विक्रीची गोष्ट निराळी. रूथची किंमत एक लक्ष डॉलर किंवा त्याहून अधिक आली, आणि ती बोस्टनच्या मालकास मिळाली, रूथला नव्हे. याच्या मुळाशी प्रत्येक करारातील एक राखीव कलम असे. त्यान्वये हंगाम संपला तरी पुढील हंगामासाठी खेळाडूवर हक्क त्याच संघाचा राही. मालक देईल ते वेतन घ्यावे, अथवा खेळ सोडून घरी बसावे. दुसऱ्या संघाकडे अधिक वेतन मागण्याची सोय नव्हती. 1922 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू नाही असा निर्णय दिल्यामुळे मालकांचे हात आणखीच बळकट झाले. हे कलम खऱ्या अर्थाने मोडले ते 1975 साली.

तेव्हा रूथने मोठे मन करून अर्धे वेतन नाकारले असते, तर ते कोणाकडे गेले असते? तिकीट स्वस्त होण्याचे कारण नव्हते. मजुराच्या घरीही ते पोचले नसते. ते यँकीजचे मालक कर्नल जेकब रुपर्ट यांच्या तिजोरीत पडले असते. रुपर्ट हे बिअरच्या कारखान्याचे धनी. दारूबंदीमुळे 1920 पासून त्यांचा मूळ धंदा लंगडा झाला होता, म्हणून क्रीडांगणाचे उत्पन्न त्यांस विशेष प्रिय असावे. ते वाईट गृहस्थ होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु वृत्तपत्रांत चर्चा झाली ती नोकराच्या वेतनाची. मालकाच्या नफ्याची बेरीज कोणी चौकटीत छापली नाही. आम्हास हीच गोष्ट सर्वांत बोधप्रद वाटते. चेंडू उंच उडाला की सर्वांची मान वर जाते, आणि मैदानावर दुसरे काय चालले आहे हे कोणी पाहत नाही.

राखीव कलमाचा काच पाहावयाचा असेल तर फिलाडेल्फियाकडे वळावे. तेथील अॅथलेटिक्स संघाचे वृद्ध चालक कॉनी मॅक यांनी 1929 आणि 1930 ही दोन्ही वर्षे अजिंक्यपद मिळविले होते. 1929 साली त्यांच्या मैदानावर 8 लक्ष 39 हजार प्रेक्षक आले. 1933 साली ते तीन लक्षांच्याही खाली गेले. कर्ज डोक्यावर, उत्पन्न नाही. मॅक यांनी आपले मोहरे एकामागून एक विकून टाकले. त्याच 1933 साली त्यांचा जिमी फॉक्स हा टोलेबाज 48 होमरन मारून फलंदाजीच्या तिन्ही प्रमुख तक्त्यांत पहिला आला. त्यास बक्षीस काय मिळावे? पुढील वर्षाचे वेतन कमी करून घे, असा प्रस्ताव! मॅक यांची अडचण खरी होती, हे मान्य. पण प्रेक्षक घटल्याचा तोटा खेळाडूने सोसावयाचा आणि विक्रीची किंमत मात्र मालकाने घ्यावयाची, हा व्यवहार एकतर्फी नव्हे काय?

आता शिकागो शहराची हकीकत सांगतो. शाळेतील मुलांस आणि त्यांच्या पालकांस ती अधिक जवळची वाटेल. 1933 च्या मे महिन्यात तेथे एक भव्य जागतिक प्रदर्शन भरले. त्यानिमित्त 6 जुलै रोजी कोमिस्की पार्कवर दोन्ही लीगमधील निवडक खेळाडूंचा पहिलाच सामना झाला. 47 हजारांहून अधिक प्रेक्षक जमले, आणि 38 वर्षांच्या रूथनेही एक होमरन मारला. खेळाडूंनी त्या दिवसाचा मोबदला घेतला नाही. उत्पन्न गरजू व वृद्ध झालेल्या जुन्या खेळाडूंच्या साहाय्यनिधीस देण्यात आले. ज्या धंद्यात एकास 80,000 मिळत, त्याच धंद्यातील म्हाताऱ्यांसाठी निधी गोळा करावा लागत होता, हेही लक्षात असू द्यावे. रूथचा व्यवहार पाहणारे क्रिस्टी वॉल्श यांनी त्याचे पुष्कळसे पैसे वर्षासनाच्या योजनांत गुंतवून ठेवले होते, म्हणून रूथ सुरक्षित राहिला. असा कारभारी प्रत्येकास कोठून लाभणार?

त्याच शिकागोत शाळांच्या शिक्षकांस 1931 पासून कित्येक महिने रोख पगार मिळत नव्हता. मिळत त्या पुढे कधीतरी पैसे देऊ अशा वचनचिठ्ठ्या, आणि दुकानदार त्या पुऱ्या किमतीस घेईनात. 1933 च्या एप्रिलमध्ये हजारो शिक्षक मोर्चा घेऊन बँकांवर चालून गेले. त्याच जुलै महिन्यात, वरील सामन्यास आठवडा लोटतो न लोटतो तोच, शिक्षणमंडळाने सुमारे 1,400 शिक्षक कमी करण्याचे ठरविले आणि बालवर्गांची संख्या निम्म्यावर आणली.

एकीकडे ते क्रीडांगण, दुसरीकडे हे शिक्षक. असे चित्र शेजारी-शेजारी मांडले की रूथने शिक्षकांचा घास घेतला असे वाटू लागते. पण शिक्षकांचे वेतन थकले याचे कारण दुसरेच होते. शाळा चालत त्या घरे व जमिनी यांवरील करातून. त्या मालमत्तेच्या फेरमोजणीत वसुली वर्षानुवर्षे रेंगाळली, आणि 1930 नंतर मोठमोठ्या घरमालकांनी संघ स्थापून कर भरण्याचेच नाकारले. शेतकऱ्यांच्या मुलांस हे चटकन समजेल. क्रीडांगणाचे पाणी एका पाटाने वाहत होते व शाळेचे दुसऱ्या. एक पाट बंद केल्याने दुसऱ्यास पाणी येत नाही; दोहोंमध्ये चर खणावा लागतो, आणि तो चर म्हणजे कर. अमेरिकेने 1932 साली तो काही अंशी खणलाही. अतिशय मोठ्या उत्पन्नावरील कराचा सर्वांत वरचा दर शेकडा 25 वरून शेकडा 63 वर नेण्यात आला. आमच्या मते खेळाडूचे वेतन कमी करा म्हणून ओरडण्यापेक्षा हा मार्ग सरळ. त्यात खेळाडू आणि मालक दोघेही सापडतात.

आणखी एक गोष्ट न सांगता पुढे जाणे योग्य होणार नाही. रूथच्या साऱ्या कारकीर्दीत त्या लीगांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला गेला नाही. तसा लेखी नियम नव्हता, पण चालरीत दगडाहून कठीण होती. त्यांच्या निराळ्या लीगांतील उत्तमोत्तम खेळाडूंसही महिन्यास काही शे डॉलर मिळत. सप्टेंबर 1933 मध्ये त्याच कोमिस्की पार्कवर त्यांचाही निवडक सामना झाला, आणि मंदी असूनही सुमारे वीस हजार लोक आले. 1947 साली जॅकी रॉबिन्सनने ती भिंत ओलांडली, तेव्हा त्याचे वेतन 5,000 डॉलर होते. न्यायाचा प्रश्न विचारावयाचा तर तो 80,000 विषयी जेवढा विचारावा, तेवढाच या 5,000 विषयीही विचारला पाहिजे.

रूथचे वेतन पुढे उतरत गेले. 1932 साली 75,000. 1933 साली, पुष्कळ घासाघीस होऊन, 52,000. 1934 साली 35,000. वय वाढले होते आणि प्रेक्षकही घटले होते. यँकीजच्या मैदानावर 1933 साली 7 लक्ष 28 हजार लोकच आले. 1934 च्या ऑगस्टात शिकागोच्या शिक्षकांची थकबाकी एकदाची फिटली. शाळांच्या मालकीच्या जमिनी तारण ठेवून केंद्र सरकारच्या वित्तमंडळाकडून कर्ज काढण्यात आले, आणि त्या कर्जातून ती चुकती झाली. रूथच्या वेतनातून चार वर्षांत जे 45,000 डॉलर कापले गेले, त्यांतील एक सेंटही तेथे पोचला नव्हता.