साठीनंतरचा प्राप्तिकर : वजावट घ्यावी की सोडावी?

साठी ओलांडली की प्राप्तिकरात सवलत मिळते, हे आपल्या बहुतेक व्यापारी व कारागीर बांधवांना ठाऊक असते. पण ती फायद्याची आहे का, याचा हिशेब थोडेच जण करतात. तो आज आपण करू. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

कर आकारणीच्या पद्धती दोन. जुन्या पद्धतीत साठ वर्षे पूर्ण झालेल्यांना ३ लाख व ऐंशी पूर्ण झालेल्यांना ५ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त. शिवाय दोन मुख्य वजावटी :

१) कलम ८०टीटीबी : बँक, सहकारी बँक व पोस्टातील ठेवींच्या व्याजावर ५० हजारांपर्यंत. व्याज स्वतः न वापरता कोणी गरजूंना देऊन टाकले, तरी ते विवरणपत्रात दाखवावेच लागते.

२) कलम ८०डी : आरोग्य विम्याचा हप्ता, किंवा विमाच नसेल तर औषधोपचाराचा खर्च, ५० हजारांपर्यंत. वृद्ध आईवडिलांसाठी मुलाने हा खर्च केल्यास वजावट मुलाला मिळते. मात्र हप्ता किंवा बिल रोखीने चुकते केले तर वजावट गेली, चेकने द्यावे.

नव्या पद्धतीत या वजावटी नाहीत. वय कितीही असो, करमुक्त मर्यादा ४ लाख. पण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास कलम ८७एच्या सवलतीने कर शून्य होतो. शेअरच्या नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नाला ही सवलत नाही.

आता उदाहरण घेऊ. ६५ वर्षांचे दुकानदार. धंद्याचा नफा साडेसात लाख, व्याज ५० हजार, एकूण ८ लाख. जुन्या पद्धतीत दोन्ही वजावटी पूर्ण घेतल्या तरी ७ लाख उरतात आणि उपकरासह ५२ हजार कर बसतो. नव्या पद्धतीत काहीच नाही! म्हणजे एक लाखाच्या वजावटीच्या मोहापायी ५२ हजार गमवायचे.

काही न कळवल्यास नवी पद्धतच लागू होते. धंदेवाल्याला जुनी हवी असल्यास मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नवीकडे परतल्यावर धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनी घेता येत नाही.

कर शून्य आला तरी उत्पन्न ४ लाखांवर असल्यास विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. तेव्हा बांधवांनो, सही करण्यापूर्वी दोन्ही पद्धतींचा हिशेब कागदावर मांडून घ्या, एवढीच आमची विनंती.