सलवातील दिनार आणि मुंबईचा रुपया



मायदेश सोडताना आपल्यापैकी प्रत्येकाने एक हिशेब केलेला आहे : इथला पैसा तिथे किती होईल? यालाच जुने लोक हुंडणावळ म्हणत. आम्ही शाळेत हा धडा फळ्यावर शिकवीत असू. आज तो कुवेतमधील सलवा या वस्तीपासून घेऊ.

समजा, सलवात राहणाऱ्या एका मराठी कारकुनाला पगार दिनारांत मिळतो; मुंबईत त्याच्या आईला भाजी मात्र रुपयांतच घ्यावी लागते. तो दिनार पेढीत भरतो. पेढी आपल्या मुंबईच्या बँकखात्यातून आईला रुपये देवविते. नोटा समुद्र ओलांडीत नाहीत; दुसऱ्या देशाच्या पैशावरील हक्क तेवढा हात बदलतो. हेच परकीय चलन. त्यातूनच देश तेल व यंत्रे विकत घेतो.

गंमत अशी, की १९६१ पर्यंत कुवेतात आपला रुपयाच चाले. परंतु चोरट्या मार्गाने रुपये आखातात नेऊन सोने घेतले जाई. त्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे परतल्या, की तिला बदल्यात पौंड द्यावे लागत. गंगाजळी आटू लागली, म्हणून १९५९ साली आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा निघाल्या. १ एप्रिल १९६१ रोजी कुवेतने स्वतःचा दिनार आणला. शंभर रुपयांना साडेसात दिनार मिळाले. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. दिनार बाळगणारा वाचला. आज एका दिनारास अडीचशेहून अधिक रुपये पडतात.

मग दिनार अढळ म्हणावा काय? २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत बळकावले. त्या राजवटीने कुवेती दिनार आधी इराकी दिनाराच्या बरोबरीचा ठरविला, मग बादच केला. लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानाने घरी आले. पुष्कळांची पुंजी मागेच राहिली. मुक्तीनंतर, १९९१ साली, कुवेतने नव्या नोटा काढल्या आणि लुटलेल्या नोटा रद्द केल्या.

इस्राएलातही १९८० साली दहा लिरांचा एक शेकेल झाला, आणि १९८५ साली हजार शेकेलांचा एक नवा शेकेल. तात्पर्य, नोटेची किंमत कागदात नसते, तिच्यामागे उभ्या असलेल्या देशाच्या पतीत असते. म्हणून सारी बचत एकाच चलनात ठेवू नये, आणि जिथे खर्च करायचा तिथले चलन आधी पाहावे.

आता नातवंडांना एक गणित घाला : १९६१ च्या दराने पंधरा दिनारांचे रुपये किती? उत्तर दोनशे आले, तर धडा समजला.