तोडलेल्या उसातील साखर का घटते?

ऊस पक्व झाला म्हणजे साखर पदरात पडली, असा पुष्कळ शेतकरी बंधूंचा समज असतो. परंतु तोडणीनंतर ऊस जितका काळ पडून राहतो, तितकी त्यातील साखर कमी होत जाते. याचे कारण समजण्यासाठी साखर कशी बनते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

उसाची हिरवी पाने सूर्यप्रकाशात हवेतील कार्बन डायऑक्साइड व मुळांनी शोषलेले पाणी यांपासून साध्या शर्करा तयार करतात. त्यांपैकी द्राक्षशर्करेचा एक व फलशर्करेचा एक रेणू जोडला गेला म्हणजे आपली नेहमीची साखर बनते आणि पाण्याचा एक रेणू वेगळा होतो. वजनाच्या हिशेबाने प्रत्येकी १८० भाग एकत्र येऊन ३४२ भाग साखर व १८ भाग पाणी होते. ज्वारीच्या दाण्यातील पिष्टही द्राक्षशर्करेचे असंख्य रेणू असेच साखळीप्रमाणे जोडले जाऊन बनते. या जोडणीस लागणारी शक्ती वाढते पीक पुरविते.

ऊस तोडला की नवी जोडणी थांबते. मोड मात्र चालू राहते. रसातील पाण्याचा रेणू पुन्हा साखरेत शिरतो व तिचे मूळ दोन भाग होतात. यास जलविच्छेदन म्हणतात. उसातील इन्व्हर्टेज नावाचे एन्झाइम ही क्रिया घडविते. आम्लता व उष्णता तिला वेग देतात. कापलेल्या टोकांतून शिरणारे जंतूही साखर खातात. फुटलेल्या शर्करेची गोडी राहते. पण तिचे दाणे पडत नाहीत. ती मळीत जाते, आणि गूळ केल्यास तो मऊ पडून लवकर पाझरतो.

म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात :

१. वाहनाची सोय झाल्यावरच तोडणी करावी व शक्यतो २४ तासांत ऊस गाळावा.

२. विलंब अटळ असल्यास मोळ्या सावलीत रचून पाचटाने झाकाव्यात व वर पाणी शिंपडावे. रसात पाणी मुळातच भरपूर असते. शिंपडलेल्या पाण्याने ऊस थंड राहतो व वाळत नाही.

३. जळालेला किंवा लोळलेला ऊस आधी गाळावा.

४. गुऱ्हाळात रस काढताच काहिलीत घ्यावा व बेताचा चुना घालून आम्लता कमी करावी. चुना अधिक झाल्यास गूळ काळवंडतो.

फुटलेली साखर काहिलीत किंवा कारखान्यात पुन्हा जोडता येत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट हंगामापूर्वीच प्रत्येक ऊस उत्पादकास समजावून द्यावी.