भटारखान्यातील सुरी आणि शेजाऱ्याचा हात

या पानावर बहुधा भांडवल, उधारी आणि बाजारभाव यांची चर्चा होते. आज हॉटेल, खानावळ आणि लग्नाच्या जेवणाचे कंत्राट घेणाऱ्या बंधूंसाठी एका लहानशा वस्तूविषयी लिहावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे सुरी. कापड विकणाऱ्याने सुरीवर का लिहावे, असे कोणी विचारील. पण कात्रीशी आमचा रोजचा संबंध आहे, आणि पात्याचा कायदा सर्व धंद्यांत एकच असतो. शिवाय आमच्या चारठाण्यासारख्या गावांतून मुले जिंतूर, परभणी, संभाजीनगर आणि पुढे मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत कामाला जातात. त्यांच्या हाती पहिल्या दिवशी एक तर भांडी येतात किंवा कांद्याचे पोते आणि सुरी. सुरी कशी धरावी हे कोणीतरी दाखवते. दुसऱ्याच्या सुरीपासून कसे वाचावे आणि आपल्या सुरीपासून दुसऱ्याला कसे वाचवावे, हे मात्र फार थोडे उस्ताद शिकवतात.

घरात एक बाई विळीवर बसलेली असते, तेव्हा धोका बहुतेक तिच्या स्वतःच्या बोटाला असतो. हॉटेलात तसे नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे उभी, मध्ये भट्टी, जमीन ओली, वेटर आत-बाहेर करणार आणि बाहेरून गिऱ्हाईक ओरडणार. अशा ठिकाणी सुरी ज्याच्या हातात असते त्याला ती निदान दिसत तरी असते. शेजाऱ्याला ती दिसत नाही.

याचे सर्वांत वाईट उदाहरण म्हणजे भांड्यांची टाकी. मसाला कापणारा काम संपले की सुरी टाकीत टाकून देतो. वर साबणाचा फेस, खाली गढूळ पाणी. भांडी घासणारा पोरगा कोपरापर्यंत हात घालतो आणि त्याची मूठ सरळ पात्यावर बंद होते. माझ्या पाहण्यातील एका भटारखान्यात ऐन लग्नसराईत असेच झाले. ज्याने सुरी टाकली तो तोपर्यंत घरी जाऊन झोपला होता. म्हणून नियम असा असावा की सुरी ज्याने वापरली त्यानेच धुवावी, पुसावी आणि जागेवर ठेवावी. टाकीत, परातीत, भाजीच्या ढिगाखाली किंवा फडक्याखाली सुरी ठेवूच नये. भिंतीवर लाकडाची एक खाचेची पट्टी ठोकली तर सुतार फार पैसे घेत नाही. पट्टीवर पाच खाचा असतील आणि एक रिकामी दिसली, तर पाचवी सुरी कोठे आहे हे भांड्यात हात घालण्यापूर्वी विचारता येते.

दुसरी गोष्ट हातातून हातात देण्याची. शिंप्याच्या दुकानात शागिर्दाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात की कात्री द्यायची ती मुठीकडून. भटारखान्यात मात्र घाईत पाते पुढे करून सुरी दिली जाते, कधी तर फेकली जाते. खरे तर सुरी हातात देऊच नये. ती फळीवर ठेवावी, मूठ घेणाऱ्याकडे करावी आणि हात काढून घ्यावा; मग दुसऱ्याने उचलावी. दोन हात एका सुरीवर एकाच वेळी नसले की निम्मा धोका गेला. वाचकांना माहीत असेल की बाजारातून किंवा मशिदीतून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरून ठेवावीत, कोणाला इजा होऊ नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. आणि उघडी तलवार कोणाच्या हाती देण्यासही मनाई आली आहे. चौदाशे वर्षांपूर्वी बाजाराच्या गर्दीचा विचार झाला. आपण बारा फुटांच्या खोलीचा करू नये काय?

सुरी घेऊन चालावे लागले तर टोक जमिनीकडे, पाते मांडीलगत आणि धार मागे असावी. कोणाच्या पाठीमागून जाताना मोठ्याने सांगावे, ‘मागे सुरी आहे!’ मोठ्या शहरांतील हॉटेलांत ही हाक रोजची असते, तेथे तिची कोणाला लाज वाटत नाही. आपल्याकडे नवा मुलगा असे बोलला तर इतर हसतात. उस्तादाने स्वतः हाक दिली की हसणे बंद होते. आणि हातातून सुटलेली सुरी झेलण्याचा प्रयत्न कधीही करू नये. हात वर घ्यावेत, पाय मागे घ्यावेत, पडू द्यावी. त्यासाठी पायात बंद बूट हवेत. चपलेवर काम करणाऱ्याचा अंगठा उघडाच असतो.

आपल्या भागात हॉटेलांतूनही मोठी विळी अजून चालते. पत्ताकोबी आणि कांद्याच्या ढिगाला ती सुरीपेक्षा सोयीची, हे मान्य. पण सुरी ठेवली की आडवी पडते. विळीचे पाते उभेच राहते. विळीवरून उठणाऱ्याने पाते मिटवून किंवा विळी आडवी करून भिंतीकडे तोंड करून ठेवल्याशिवाय जागा सोडू नये, आणि विळी ओलांडून कोणीही जाऊ नये. मिटत्या विळीची खीळ ढिली झाली असेल तर ती त्याच दिवशी ठोकून घ्यावी. सत्तूर चालत असेल तेथे हाडाचे तुकडे उडतात. त्या ठोकळ्याजवळ दुसऱ्याची फळी मांडू नये, आणि मांस धरण्यासाठी दुसऱ्याचा हात तर कधीच घेऊ नये. मोठ्या हॉटेलांत मांस कापणारे पोलादी जाळीचा हातमोजा घालतात. तो न परवडला तरी फळीखाली ओले फडके घालून ती न सरकेल एवढे करणे सर्वांना परवडते.

अनेक मालकांची अशी समजूत असते की सुरी बोथट असली तर पोरांना इजा होणार नाही. ही समजूत उलटी आहे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, टोमॅटोच्या किंवा कांद्याच्या सालीवरून ती घसरते, आणि घसरलेला सर्व जोर बोटावर येतो. धारेच्या सुरीला जोर लागत नाही, ती जेथे ठेवली तेथेच उतरते. जखम झाली तरी साफ असते, टाके नीट बसतात. सायकलवर सहाण लावून फिरणारे शिकलगार आपल्या गावांतून आता कमी दिसतात. उर्दू वाचणाऱ्यांना हा शब्द ओळखीचा आहे: सैकल म्हणजे धातूला झिलई देणे, सैकलगर म्हणजे ते काम करणारा, आणि त्यावरूनच शिकलगार. महाराष्ट्रात या हुनरावर जगणारी एक मुस्लिम बिरादरीच आहे. आपल्या हॉटेलवाल्यांनी त्यांना ठरावीक दिवशी बोलावून सर्व सुऱ्या, सत्तूर आणि विळ्या एकदम लावून घेण्याचा रिवाज पाडला, तर दोघांचेही भले होईल. मधल्या दिवसांत साधा दगड पुरतो. पाते दगडाशी पंधरा ते वीस अंशांच्या कोनात धरावे. सत्तुराचा कोन याहून जाड ठेवावा, नाहीतर हाडावर धार तुटते. मात्र धार लावली त्या दिवशी सर्वांना सांगावे. बोथट सुरीची सवय झालेला हात धारेच्या सुरीवरही तसाच जोर देतो.

आता हिसाब. भरपाईच्या १९२३ च्या कायद्याने प्रत्येक बोटाचा शेकडा ठरवला: तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिचे एक पेर गेले तर ९, अंगठा गेला तर ३०. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा विषय तिच्यात आला. आपल्या आस्थापनेला नेमके काय लागू आहे, विम्याची योजना लागू आहे की मालकावर थेट जबाबदारी, हे कामगार कार्यालयात विचारून घ्यावे. पण १९२३ च्या कायद्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. महिन्याचा पगार १०,००० रुपये आणि वय २५ धरा. पगाराचे ६० टक्के म्हणजे ६,००० रुपये. त्याला त्या वयाचा गुणक २१६.९१ लावला की १३,०१,४६० रुपये होतात. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. तर्जनीच्या एका पेराचे ९ टक्के म्हणजे १,१७,१३१ रुपये. आता भिंतीवरच्या लाकडी पट्टीचा खर्च याच्या शेजारी लिहून पाहावा. हा झाला मालकाचा आकडा. ज्याचे पेर गेले तो पुढे तीस वर्षे कांदा कसा धरणार, हे कोणत्याही तक्त्यात नाही.

याच संदर्भात मुलांविषयी सांगणे भाग आहे. हॉटेल आणि ढाब्यांवर १४ वर्षांखालील मुलांना ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्व धंद्यांना लागू झाली. ‘घरचाच मुलगा आहे, हाताखाली राहतो’ असे म्हणून दहा वर्षांच्या पोराला विळीवर बसवणारे अजून भेटतात. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर थोडी मदत करण्याची सवलत कायदा देतो. पण धोक्याच्या कामाला ती लागू नाही. आणि मुलगा घरचा आहे म्हणून पाते काही त्याला ओळखत नाही.

भटारखान्यात भांडणेही होतात. उकाडा असतो, झोप झालेली नसते, पगार थकलेला असतो. आवाज चढला की सुरी खाली ठेवून मगच बोलायचे, हा नियम मालकाने पहिल्या दिवशी सांगावा आणि मोडणाऱ्याला, तो कितीही मोठा बावर्ची असो, त्या दिवशी घरी पाठवावे. सुरी दाखवून केलेली थट्टाही यातच आली.

इतके करूनही जखम होतेच. तेव्हा हळद, चुना, तंबाखू, कॉफी किंवा चहाची पूड यांतले काही भरू नये. स्वच्छ फडके जखमेवर दाबून धरावे, हात छातीपेक्षा वर ठेवावा, आणि दहा मिनिटे मध्ये उघडून पाहू नये. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा पुढचा भाग बधिर झाला असेल तर शिरा किंवा स्नायूची दोरी कापली गेल्याची शक्यता असते. मग घरगुती पट्टीवर न राहता दवाखाना गाठावा, गरज पडल्यास १०८ ला फोन करावा. तुकडा वेगळा झाला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर तो मरतो. धनुर्वाताच्या सुईविषयी डॉक्टरांना आठवणीने विचारावे. फळीवरचे, रक्त लागलेले सर्व अन्न फेकून द्यावे, फळी आणि सुरी गरम पाण्याने धुवावी. पट्टी बांधलेल्या हाताला पाणी न शिरणारे आवरण घातल्याशिवाय त्याला अन्नाला हात लावू देऊ नये. पिकलेल्या जखमेतील जंतूंनी पंगतीच्या पंगती आजारी पडू शकतात. त्याला तोपर्यंत गल्ल्यावर किंवा माल मोजण्यास बसवावे, आणि त्या दिवसांची मजुरी कापू नये. मजुरी कापली जाते हे एकदा कळले की पुढचा पोरगा बोटाला चिंधी गुंडाळून गुपचूप कणीक मळत राहतो.