लिव्हरपूलचें उंचावरील आगगाडीचें स्थानक

अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळीं (१८६१–१८६५) मुंबईहून कापसाच्या गांठी भरून जहाजें ज्या बंदराकडे जात, तें इंग्लंडांतील लिव्हरपूल शहर आपणांस नांवानें तरी परिचित आहे. त्या शहरीं, मर्सी नदीच्या कांठीं, पियर हेड नांवाचें एक आगगाडीचें स्थानक होतें. तें जमिनीवर नव्हतें व भुयारांतही नव्हतें; रस्त्याच्या सुमारें सोळा फूट वर, लोखंडी खांबांवर तें उभें होतें. आज तें उरलेलें नाहीं. तें कां बांधलें व कां पाडलें, याचा आपण विचार करूं.

नदीच्या कांठानें मैलोगणती गोद्या पसरल्या होत्या. त्यांच्यापुढील रस्त्यावर मालाच्या गाड्या, घोडे व माणसें यांची एवढी दाटी होई कीं, वाट काढणें कठीण पडे. म्हणून सर डग्लस फॉक्स व जेम्स ग्रेटहेड या एंजिनियरांनीं रस्त्याच्या वरून आगगाडी नेली. वाफेच्या एंजिनांतील ठिणग्यांनीं गोदींतील मालास आग लागण्याची भीति होती. यास्तव गाडी विजेवर चालविण्याचें ठरलें. ता. ४ फेब्रुवारी १८९३ रोजीं लॉर्ड सॅलिसबरी यांच्या हस्तें मार्गाचें उद्घाटन झालें. विजेवर चालणारी उंचावरील आगगाडी जगांत प्रथम येथेंच धांवली.

पियर हेड येथें नदीपलीकडून बोटींनीं येणारे लोक गाडींत बसत. डब्याच्या खिडकींतून गोदींतील मोठमोठीं जहाजें दिसत. पावसांत मजूर या मार्गाखालून कोरडे चालत जात. म्हणून लोकांनीं त्यास ‘गोदीमजुरांची छत्री’ असें नांव दिलें होतें.

१९४१ सालच्या मे महिन्यांतील बाँबवर्षावांत हा मार्ग ठिकठिकाणीं मोडला. शेजारच्या जेम्स स्ट्रीट स्थानकाची फार हानि झाली. तरीही दुरुस्ती होऊन गाड्या पुन्हां सुरू झाल्या. परंतु बाँबना जें साधलें नाहीं, तें गंजानें साधलें. रुळांखालीं लोखंडी पत्रे होते; त्यांवर पाणी सांचे, आणि खालून जाणाऱ्या गोदीच्या एंजिनांची वाफ व धूर त्यांस खाऊन टाकी. १९५५ सालीं पाहणी झाली, तेव्हां दुरुस्तीस सुमारें वीस लाख पौंड लागतील असें आढळलें. मार्ग खासगी कंपनीचा होता व तिच्यापाशीं एवढा पैसा नव्हता. नगरपालिका व गोदीचें मंडळ यांनींही भार उचलला नाहीं. लोकांनीं विरोध केला, तरी ता. ३० डिसेंबर १९५६ रोजीं शेवटची गाडी धांवली, आणि १९५७ सालीं पाडण्याचें काम सुरू झालें. त्या मार्गावरील एक डबा मात्र लिव्हरपूलच्या संग्रहालयांत जपून ठेवलेला आहे.

दोष केवळ कंपनीस देणें सोपें आहे. परंतु ज्या सोयीचा लाभ साऱ्या शहरानें घेतला, तिचा खर्च एकट्या मालकानेंच कां सोसावा, हा प्रश्न उरतोच. धातूची झीज रोज थोडथोडी होते; तिचें देणें मात्र एके दिवशीं एकदम समोर उभें राहतें. आपल्या गांवचा पूल असो वा पाण्याची टांकी असो, तो हिशेब वेळींच मांडावयास आपण सर्वांनीं शिकलें पाहिजे.