डिझेलचा दर्जा आणि ट्रकचे ॲव्हरेज

(द्वितीय वर्ष कला)

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतील फरक सांगितला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर वडिलांचा ट्रक आला. हप्ता, विमा, परमिट हे ट्रक दारात उभा असला तरी भरावेच लागतात. डिझेल मात्र चाक फिरले की जळते. आमच्या घरात पुस्तके नव्हती, पण वडिलांची एक वही होती. तारीख, किलोमीटर आणि लिटर असे तिचे तीन रकाने. प्रस्तुत लेखाचा विषय त्या वहीवरूनच सुचला.

शहापूर-मुरबाडकडच्या ट्रकवाल्यांत एक वाद नेहमीचा आहे: पंपावरचे महागडे, 'पॉवर'वाले डिझेल घातले तर ॲव्हरेज वाढते काय? शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून वडीलही ते घ्यायला निघाले होते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. ते किती लवकर पेटते हे सिटेन अंकावरून कळते. आपल्याकडे साध्या डिझेललाही हा अंक किमान 51 असावा लागतो. इंजिनाला जेवढा हवा त्याहून अंक वाढवून लिटरमधली उष्णता वाढत नाही. महागड्या डिझेलमध्ये नोझल स्वच्छ ठेवणारी द्रव्ये असतात; घाण साचलेल्या इंजिनाला त्यांचा उपयोग होईल, नाही असे नाही. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आले. त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आले. तो बदल धुरासाठी होता, ॲव्हरेजसाठी नव्हे. उलट बहुतेक नव्या ट्रकांना चालक ज्याला 'युरिया' म्हणतात ते द्रावण वेगळे भरावे लागते, तो खर्च निराळाच.

आता हिशेब पाहू. समजा, साधे डिझेल 90 रुपये लिटर, महागडे 94 रुपये. ट्रक लिटरला 4 किलोमीटर जातो आणि महिन्याला 4000 किलोमीटर धावतो. म्हणजे 1000 लिटर, 90,000 रुपये. महागड्या डिझेलात तेवढाच खर्च राहण्यासाठी 957 लिटरमध्ये काम भागले पाहिजे, म्हणजे लिटरला सुमारे 180 मीटर जास्त. एवढा फरक एकदा टाकी फुल करून कळणारच नाही. ओतूर-आळेफाट्याची भाजी घेऊन माळशेज उतरणारी गाडी आणि मुरबाडचा माल घेऊन तोच घाट चढणारी गाडी, यांच्यातला फरक त्याच्या कितीतरी पट असतो. टायरमध्ये हवा कमी असली, एअर फिल्टर तुंबला, तरीही 180 मीटर सहज जातात. काकांनी महागडे डिझेल घातले तेव्हा गाडी रिकामी परतत होती, हे मागाहून कळले!

घाटावरून आठवले. वडील पूर्वी कसारा घाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करीत. नव्या इंजिनांत, गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेल बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. यावरून आमच्या घरी दोन दिवस अबोला होता.

दर्जाचा खरा तोटा होतो तो भेसळीने. रॉकेल डिझेलपेक्षा हलके. लिटरमागे उष्णता कमी, वंगण कमी, त्यामुळे पंप व नोझल झिजतात. सवलतीचे रॉकेल स्वस्त होते तेव्हा या धंद्यात मोठा पैसा होता. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. आम्हीही एकदा रस्त्यावर कॅनमधले स्वस्त डिझेल घेतले होते. वाचले थोडे, पंपाच्या दुरुस्तीत गेले कित्येक पट. पेट्रोल पंपावर घनता मोजून दाखवा असे म्हणण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पण मागे गाड्यांची रांग लागलेली असताना तसे म्हणणारा चालक मी अजून पाहिलेला नाही.

वडिलांनी महागडे डिझेल तूर्त घेतलेले नाही. वहीत मी 'माल किती' आणि 'रस्ता कोणता' असे दोन रकाने आणखी आखून दिले आहेत. पहिला महिना त्यांनी ते कोरेच ठेवले; या महिन्यापासून भरू लागले आहेत.